इन्व्हर्टर पारखायचा कशावरून?

सौर पॅनेलमधून एकदिश प्रवाह मिळतो. घरातील पंखा, फ्रीज यांना प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. हा बदल इन्व्हर्टर करतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरवले आणि इन्व्हर्टरची निवड हा घरगुती प्रश्न झाला. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत तुलना असते ती बहुधा कार्यक्षमतेची. एकाची ९७ टक्के, दुसऱ्याची ९८. पण कोल्हापुरात आषाढातल्या ढगाळ दिवशी पॅनेलची वीजच इतकी घटते, की या एका टक्क्याचे कौतुक ते काय!

खरा फरक वीज गेल्यावर कळतो. बॅटरीविना थेट महावितरणच्या वाहिनीशी जोडलेला इन्व्हर्टर, लख्ख ऊन असले तरी, तत्काळ बंद पडतो. तशी योजना मुद्दामच केलेली असते. नाही तर आपल्या गच्चीवरची वीज उलट वाहिनीत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. ऑगस्ट २०१९ च्या पंचगंगेच्या महापुरात कोल्हापूरच्या अनेक भागांत वीज नव्हती. अशा वेळी या इन्व्हर्टरवर साधा मोबाइलही चार्ज होत नाही. हे माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत छापायला हवे.

हायब्रिड इन्व्हर्टर घराला वाहिनीपासून तोडतो आणि पॅनेल व बॅटरीवर दिवे, पंखे चालू ठेवतो. मात्र तो महाग पडतो, शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते ती वेगळीच.