फ्यूज एका भागात, पॅनेल दुसऱ्या भागात

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पाठ्यपुस्तकात (2018) फ्यूज पहिल्या भागात भेटतो आणि सौर पॅनेल दुसऱ्या भागात. दोन्ही पाठ आपापल्या जागी ठीक आहेत. घट एकसर जोडले की विभवांतर वाढते, समांतर जोडले की धारा वाढते, हे 'हरित ऊर्जेच्या दिशेने' या पाठात नीट सांगितले आहे. आमची तक्रार एवढीच की या दोन पाठांची गाठ कुठेच पडत नाही.

चिखली परिसरातल्या विद्यार्थ्याला ही गाठ घरीच पडू शकते. पीएम-कुसुम (2019), पुढे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' (2024) अशा योजनांतून पॅनेले शेतात आली. ती पुसायला घरचेच पोरगे जाते, आणि सुटलेली वायर जोडायलाही तेच! शॉर्ट सर्किट झाले की धारा अफाट वाढते व फ्यूज वितळतो, एवढे त्याला पाठ असते. पॅनेलला हे लागू नाही. नेहमी 13 अँपिअर देणारे पॅनेल शॉर्ट केले तरी सुमारे 14 अँपिअरच देते. 15 अँपिअरचा फ्यूज शांत बसतो.

मग फ्यूज कशासाठी? तीन किंवा अधिक माळा समांतर असल्या आणि एकीत बिघाड झाला, तर बाकीच्यांची धारा तिच्यात उलटी शिरते. दोनच माळा असतील तर सहसा गरज पडत नाही. फ्यूज निवडताना शॉर्ट सर्किट धारेच्या सुमारे 1.56 पट, म्हणजे इथे 22 च्या वरचा, 25 अँपिअरचा घेतात. मात्र पॅनेलमागच्या पट्टीवरील कमाल आकड्याच्या आतच.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्होल्ट. 49 व्होल्टची दहा पॅनेले एकसर जोडली की 490. हा आकडा 25 अंश सेल्सिअसचा. थंडीत पारा 10 अंशांवर उतरला, तर अंशाला 0.3 टक्के या हिशेबाने तो 512 होतो आणि 500 व्होल्टचे साधन अपुरे पडते. घरातली प्रत्यावर्ती धारा सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी विझते. दिष्ट धारा शून्यावर येतच नाही. घरगुती एमसीबी तिथे बसवला तर ठिणगी तशीच पेटती राहून आग लागू शकते. जोडणी सुटी करण्याआधी दिष्ट धारेचा आयसोलेटर बंद करायचा, तो याचसाठी.

वर्गात 12 व्होल्ट, 10 वॅटचे छोटे पॅनेल उन्हात ठेवावे, 1 अँपिअरच्या फ्यूजमधून शॉर्ट करावे. फ्यूज उडत नाही. मुले कारण विचारतील, आणि ते पाठ्यपुस्तकाच्या दोन्ही भागांत सापडणार नाही.