नेमो : गुरू की शिष्य?

ज्यूल व्हर्नच्या ‘गूढ बेट’ (१८७५) या फ्रेंच कादंबरीत मार्गदर्शक दोन आहेत. पहिला उघड. सायरस स्मिथ हा अमेरिकन इंजिनिअर घड्याळाच्या दोन काचांमध्ये पाणी भरून विस्तव पेटवितो, विटा भाजतो, लोखंड गाळतो, तारायंत्र उभारतो. आणि पंधरा वर्षांचा हर्बर्ट त्याच्या हाताखाली शिकतो. दुसरा, कॅप्टन नेमो, बेटाच्या पोटात दडलेला. पाणबुडीचा हा विक्षिप्त, एकांतप्रिय निर्माता शिकवीत काहीच नाही, केवळ देतो. हर्बर्ट तापाने मरणोन्मुख असता खोलीत क्विनाइन आढळते. चाच्यांचे जहाज पाणसुरुंगाने फुटते. अशा अदृश्य दात्यास गुरू म्हणावे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते म्हणू नये. त्याच्या प्रत्येक देणगीगणिक स्मिथच्या विद्येचे तेज उणावते, आणि कादंबरीचा पीळही सैल होतो.

खरी गाठ शेवटी आहे. नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७च्या उठावातील योद्धा. (व्हर्नने त्याचे टिपू सुलतानाशी नाते जोडले आहे, पुतण्या की भाचा, हे फ्रेंच शब्दावरून ठरत नाही. झाशीचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाने येथे हसून पुढे जावे.) मृत्युशय्येवर तो आपल्या आयुष्याविषयी या परक्यांचे मत विचारतो. स्मिथ सांगतो, की गतकाल पुन्हा जिवंत करता येईल असे मानून आवश्यक प्रगतीशी झुंजलात, हीच चूक. पाठोपाठ तो क्षमेचे शब्दही जोडतो, परंतु निकाल लागून गेलेला असतो. ज्याने सर्वांना तारले तोच येथे परीक्षार्थी होतो.

हे वाक्य भाषांतरात मवाळ करण्याचा मोह अनावर आहे. फ्रेंचमधील एका आदरार्थी सर्वनामासाठी मराठीत ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन पर्याय आहेत. ‘आपण’ योजले की स्मिथ शिष्यासारखा नम्र भासतो, आणि निकालाची धार जाते. मी ‘तुम्ही’च पसंत करतो.

चंडीगढात राहून हे लिहिताना मात्र लेखणी अडते. ल कॉर्ब्यूझिएच्या आराखड्यानुसार हे शहर वसविण्यासाठी येथील गावे उठविली गेली. त्यांचा राडारोडा नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने वर्षानुवर्षे गुपचूप वेचला, आणि जंगलात त्याची एक मूर्तिनगरी रचली. सरकारला तिचा सुगावा उशिराच लागला. १९७६ साली ती लोकांसाठी खुली झाली. तेथून परतल्यावर मी स्मिथचे वाक्य पुन्हा वाचले. ‘आवश्यक’ हे विशेषण पूर्वीपेक्षा कठोर वाटले.