रसायनशास्त्रातील मुक्त संशोधन विदा : एक चिकित्सा

प्रस्तावना :

विज्ञानातील निष्कर्षाचे प्रामाण्य त्याच्या पडताळणीवर अवलंबून असते. या पडताळणीला केवळ शोधनिबंध पुरेसा नसतो. त्यामागील मूळ नोंदी, मापने व वर्णपट, म्हणजेच विदा, अभ्यासकाच्या हाती असावी लागते. रसायनशास्त्रातील ही विदा सर्वांसाठी खुली असावी, असा आग्रह गेली दोन दशके धरला जात आहे. तथापि ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘कोणालाही पाहता येईल असे’ एवढाच घेतला जातो. पाहता येणे व वापरता येणे यांतील अंतर आणि अयशस्वी प्रयोगांकडे झालेले दुर्लक्ष, या दोन अंगांनी प्रस्तुत लेखात या विषयाची चिकित्सा केली आहे.

स्फटिकशास्त्राचा आदर्श व त्याची मर्यादा :

रसायनशास्त्राला विदा वाटून घेण्याची परंपराच नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ओल्गा केनर्ड यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये केंब्रिज येथे स्फटिकरचनांचा संग्रह सुरू झाला व २०१९ मध्ये त्यातील रचनांची संख्या दहा लाखांवर पोहोचली. या यशाचे श्रेय संशोधकांच्या औदार्यापेक्षा शिस्तीला अधिक जाते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सीआयएफ’ या समान नोंदपद्धतीमुळे एका प्रयोगशाळेची नोंद दुसऱ्या प्रयोगशाळेच्या संगणकाला वाचता येऊ लागली. आणि नियतकालिकांनी रचना जमा करणे ही प्रकाशनाची अट केली. मात्र या आदर्शालाही मर्यादा आहे. एकेक रचना विनामूल्य पाहता येते. परंतु संपूर्ण संग्रह शोधसाधनांसह वापरण्यासाठी वर्गणी भरावी लागते. संग्रहाच्या जतनाला खर्च येतो हे मान्य केले, तरी त्याचा भार लहान महाविद्यालयांना अधिक जाणवतो, हेही नाकारता येत नाही.

चित्ररूप विदेचा प्रश्न :

संश्लेषण रसायनात अशी शिस्त क्वचितच आढळते. शोधनिबंधाच्या पुरवणीत एनएमआर वर्णपट बहुधा पीडीएफमधील चित्राच्या रूपात दिलेला असतो. ज्या मूळ संकेतावरून तो वर्णपट तयार झाला, तो मात्र उपकरणाच्या संगणकातच राहतो. चित्रातील शिखरे वाचता येतात. पण त्यावर नव्याने संस्करण करून लेखकाचा निष्कर्ष तपासता येत नाही. भारतीय प्रबंधांची स्थिती फारशी वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’मुळे हे प्रबंध सर्वांना वाचता येऊ लागले. ही उपलब्धी मोठी आहे. परंतु प्रबंध खुला झाला म्हणजे त्यातील विदाही खुली झाली, असे समजणे भ्रामक ठरेल. २०१६ मध्ये मांडलेल्या ‘फेअर’ तत्त्वांनुसार विदा सापडण्याजोगी, मिळण्याजोगी, इतर विदेशी जुळणारी व पुन्हा वापरण्याजोगी असावी लागते. चित्ररूप वर्णपट यांपैकी शेवटच्या दोन कसोट्यांवर उणा पडतो.

अयशस्वी प्रयोगांचे मूल्य :

याहून गंभीर उणीव निवडीची आहे. शोधनिबंधात सफल अभिक्रिया येतात. विफल अभिक्रिया प्रयोगवहीतच राहतात. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाचे जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी २००६ मध्ये ‘मुक्त प्रयोगवही विज्ञान’ ही संकल्पना मांडली आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या, अपयशासह, सर्वांसाठी खुल्या केल्या. त्या वेळी ही कृती अनेकांना धाडसाची वाटणे स्वाभाविक होते. तिचे व्यावहारिक मूल्य एका महाविद्यालयाने पुढे दाखवून दिले. हॅवरफर्ड कॉलेजमधील संशोधकांनी प्रयोगवह्यांत पडून राहिलेल्या विफल अभिक्रियांच्या नोंदी संगणकीय प्रतिमानाला पुरविल्या. २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, नव्या संयुगांसाठी योग्य परिस्थिती सुचविण्यात या प्रतिमानाला ८९ टक्के यश मिळाले, रसायनज्ञांच्या अनुभवजन्य अंदाजाला ७८ टक्के. अभिक्रिया कोठे होत नाही हे ठाऊक असल्याखेरीज ती कोठे होईल याची सीमा आखता येत नाही, हा या कार्याचा खरा बोध आहे.

आक्षेपांचा विचार :

विदा खुली केल्यास पेटंटचा हक्क जाईल, दुसरा कोणी आपल्याआधी निबंध प्रसिद्ध करील, या शंका निराधार नाहीत. त्यांवर उपाय मुदतीचा आहे : पेटंट-अर्ज वा निबंध सादर होईपर्यंत विदा राखून ठेवता येते. खरी अडचण श्रेयाची आहे. विदा नीट लावून जमा करण्यास श्रम पडतात. अध्यापकाच्या मूल्यमापनात मात्र प्रामुख्याने निबंध व ग्रंथ मोजले जातात. ज्या कामाची नोंद कोठेच होत नाही, ते काम केवळ नीतीच्या उपदेशाने होणार नाही.

समारोप :

रसायनशास्त्रातील विदेची मुक्तता हा केवळ धोरणाचा वा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. काय नोंदवावे व काय लपवावे यासंबंधीच्या सवयीचा तो प्रश्न आहे. ही सवय एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत जडते. न जमलेला प्रयोग पुसून टाकून अपेक्षित उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे पूर्ण गुण मिळत असतील, तर पुढे त्याच्याकडून मुक्त विदेची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. विफल प्रयोगाच्या प्रामाणिक व तपशीलवार नोंदीलाही गुण देण्याचा निर्णय एखादा विभाग आपल्या अंतर्गत मूल्यमापनापुरता घेऊ शकतो. त्यासाठी कोणत्याही मोठ्या निधीची आवश्यकता नाही.