दुःख कुणाचं दिसतं?

मागच्या वेळी आपण ‘कोबाल्ट ब्लू’पाशी थांबलो होतो. सचिन कुंडलकरांची ही कादंबरी २००६ची. ‘धाडसी विषय’ म्हणून आपण तिची पाठ थोपटली आणि मोकळे झालो. विषयाचं सोडा हो, रचना बघू या. एकाच घरातले भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा, एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. तो दोघांनाही सोडून जातो. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते तेव्हा अख्खं घर हादरतं. तनयचं तेच दुःख त्याच घरात कुणाला दिसतही नाही. बोलायला त्याच्याकडे उरतो फक्त निघून गेलेला ‘तू’. कादंबरीची ताकद आम्हाला इथे वाटते.

अमृता पाटील यांची ‘कारी’ (२००८) चित्रकादंबरी, म्हणून आपल्यातल्या कितीजणांनी ती उघडलीच नाही! सुरुवातीलाच दोघी प्रेयसी इमारतीवरून उडी घेतात. रूथ जाळीमुळे वाचते, कारी गटारात पडल्यामुळे. रूथ शहर सोडते. कारी राहते, जाहिरातीच्या नोकरीवर जात राहते. ॲलिस ओसमन यांचं ‘हार्टस्टॉपर’ही आम्ही वाचलं, गोड आहे. पण गटारातून उठून कामावर जाणारी कारी आम्हाला जास्त ओळखीची वाटली.