पॅलेडियम-उत्प्रेरणाची नोबेल व्याख्याने (२०१०) : एक चिकित्सा

प्रस्तावना :
८ डिसेंबर २०१० रोजी स्टॉकहोम येथे रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी या तीन रसायनशास्त्रज्ञांची नोबेल व्याख्याने झाली. पॅलेडियमच्या साहाय्याने कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या क्रॉस कपलिंग अभिक्रियांसाठी त्यांना त्या वर्षीचे पारितोषिक विभागून मिळाले होते. सेंद्रिय उत्प्रेरणाच्या प्रगतीचे असे प्रसंग अध्यापनात बहुधा केवळ गौरवाच्या अंगाने मांडले जातात. प्रस्तुत लेखात या प्रसंगाचे चिकित्सक वाचन केले आहे.

विवेचन :
या संशोधनाची वाटचाल सरळ नव्हती. १९६८ साली हर्क्युलिस कंपनीत असताना हेक यांनी प्रसिद्ध केलेल्या अभिक्रियांत पाऱ्याची विषारी सेंद्रिय संयुगे वापरावी लागत. शिवाय अभिक्रियेअंती पॅलेडियम धातुरूप होऊन खर्ची पडे व ते पूर्ववत करण्यासाठी वेगळा ऑक्सिडीकारक लागे. १९७१ मध्ये मिझोरोकी यांनी आणि १९७२ मध्ये स्वतंत्रपणे हेक यांनी अॅरिल आयोडाइड वापरले. पॅलेडियम स्वतःच कार्बन-आयोडीन बंधात शिरू लागले आणि चक्र पुन्हा पुन्हा फिरू लागले. उत्प्रेरण खऱ्या अर्थाने साधले ते येथे.

पुढे नेगिशी यांनी १९७७ मध्ये जस्ताची, तर सुझुकी व मियाउरा यांनी १९७९ मध्ये बोरॉनची सेंद्रिय संयुगे योजली. बोरॉनिक आम्ले हवा व पाण्यात टिकतात आणि तुलनेने कमी विषारी असतात. मात्र ती पुरेशी क्रियाशील नसतात. आम्लारीचा वापर करून ही उणीव दूर करणे, हे सुझुकी यांच्या कार्याचे मर्म होय. लोसार्टन या रक्तदाबावरील औषधाच्या उत्पादनात याच अभिक्रियेचा उपयोग झाला.

तथापि दोन मुद्दे विचारात घ्यावे लागतात. पहिला संज्ञेचा. काटेकोर अर्थाने क्रॉस कपलिंगमध्ये सेंद्रिय धातुसंयुग व हॅलाइड यांचा संयोग होतो. हेक अभिक्रियेत मात्र अल्कीनवरील हायड्रोजनची जागा घेतली जाते. तिन्ही अभिक्रिया एकाच नावाखाली आणल्याने हा भेद झाकला जातो. दुसरा मुद्दा श्रेयाचा. एक पारितोषिक तिघांपेक्षा अधिक जणांना वा मरणोत्तर दिले जात नाही. मिझोरोकी आणि १९८९ मध्ये विमान अपघातात निधन पावलेले स्टिल या चौकटीबाहेर राहिले. मियाउरा, सोनोगाशिरा, कुमादा ही नावेही मानकऱ्यांच्या यादीत नाहीत.

यशाची किंमतही नोंदवणे आवश्यक आहे. पॅलेडियम दुर्मिळ असून त्याचे उत्पादन मुख्यतः रशिया व दक्षिण आफ्रिकेत केंद्रित आहे. तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांत त्याचा अंश दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यामुळे उत्पादनानंतर धातू वेगळा काढण्याचा खर्च वाढतो. उत्प्रेरकाचे प्रमाण अल्प असले, तरी त्याचा प्रश्न अल्प ठरत नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, पारितोषिक हा संशोधनाच्या इतिहासाचा सारांश असतो. तो संपूर्ण इतिहास नव्हे. वर्गात अभिक्रियेचे नाव व चक्र शिकवताना पाऱ्यापासून बोरॉनपर्यंतचा प्रवास, वगळली गेलेली नावे आणि शिल्लक धातूचा प्रश्न हेही सांगितले गेले पाहिजेत. अन्यथा विद्यार्थ्याला उत्तर पाठ होते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते हे उमगत नाही.