ओवी : जात्यावरची आणि ग्रंथातली

काव्याचे व्यक्तिजीवनातील स्थान व त्याचे वाङ्मयजीवनातील स्थान यांचा विचार मराठी समीक्षेने बहुधा वेगवेगळ्या दालनांत केला आहे. पहिल्याकडे लोकसाहित्याच्या अभ्यासकाने पाहावे, दुसऱ्याकडे काव्यसमीक्षकाने, अशी ही वाटणी. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कवितेपुढे ती टिकत नाही. तरीही त्यांच्यावरील बरेचसे लेखन ती टिकवून धरण्याच्याच खटपटीत दिसते.

जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीस लिहितावाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांतील काही पुत्र सोपानदेव चौधरी व एक आप्त यांनी उतरवून घेतली, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. वाचक थक्क झाले, ते योग्यच होते. परंतु त्या विस्मयातून ‘उत्स्फूर्त’ हा एक शब्द समीक्षेत रुळला. निरक्षर स्त्रीच्या मुखातून काव्य आले म्हणजे ते झऱ्यासारखे आपोआप वाहिले असले पाहिजे, असा त्यामागील समज आहे. यात गौरव आहे तसा किंचित अधिक्षेपही आहे. झऱ्याला कारागिरी करावी लागत नाही.

भाषेचा पुरावा याच्या उलट आहे. बहिणाबाईंच्या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’. प्रमाण भाषेत ‘माळा’ व ‘काया’ यांचे यमक जुळत नाही. या बोलीत ‘माया’ व ‘काया’ असे ते सहज जुळते. म्हणजे या बोलीला यमकांची स्वतःची संपत्ती आहे, आणि बहिणाबाई ती जाणत्या हाताने वापरतात. त्यांची कविता ‘शुद्ध’ मराठीत लिहू पाहणाराच्या हातून प्रथम यमक निसटते, मग लय. बोली हा या काव्याचा पेहराव नव्हे. रचनेचे गणितच तीवर उभे आहे.

ही कारागिरी एकाकीही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. (उल्लेख कांडणाचा आहे, दळणाचा नव्हे, जात्यावरच सारे लक्ष खिळलेले असल्याने हा भेद सहसा ध्यानात घेतला जात नाही.) ज्ञानेश्वरीचा परंपरागत काळ १२९०. ग्रंथातल्या ओवीच्या आधी ओवी कामाच्या जागी नांदत होती, असे यावरून मानावयास हरकत नाही.

मुद्रणाने काय बदलले, हा खरा प्रश्न आहे. गाताना ओवीला शीर्षक नसते, छापताना द्यावे लागते. गाताना पाठ हलता असतो, छापला की गोठतो. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणारीचे नाव व गाव यांची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे ओवी कोणाची व कोठली, हे तरी हरवत नाही. बहिणाबाईंच्या बाबतीत कवयित्री कळते, परंतु प्रसंग आणि श्रोता मात्र कवितेच्या पोटातूनच शोधावे लागतात.

त्यांची वैधव्यावरील रचना या दृष्टीने वाचावी. ऐन तारुण्यात पतिनिधन झालेल्या स्त्रीचे ‘आत्मनिवेदन’ म्हणून तिच्याकडे पाहण्याचा प्रघात आहे. पण या रचनेत कीव करू नका, असे भोवतीच्या बायकांना स्पष्ट बजावलेले आहे. सांत्वनाला आलेल्या बायकांना दिलेले हे उत्तर आहे. शोक त्यात आहेच. तथापि त्याहून मोठा आहे तो नकार, आणि नकार ऐकावयास कोणी समोर असावे लागते. भावगीताच्या मोजपट्टीने वाचले की समोरच्या त्या बायका अदृश्य होतात, उरते ते केवळ दुःख. मग समीक्षकही नकळत कीव करू लागतो.