चाकरमानी, परप्रांतीय आणि मधले दार

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या भाडेकरू-अर्जात ‘मूळ गाव’ असा एक रकाना आहे. गेल्या वर्षी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या तरुणाचा अर्ज समितीपुढे आला. पगाराचा दाखला, पोलिसांकडची नोंद, सगळे व्यवस्थित होते. मूळ गावाच्या रकान्यात ‘जौनपूर’ लिहिले होते. “आज एकटा आहे, उद्या दहा जण आणून ठेवील,” असे कोणीतरी म्हणाले, आणि दहा मिनिटांत विषय संपला. नकाराच्या पत्रावर सचिव म्हणून माझी सही आहे.

स्थलांतराचे मराठी साहित्यातले चित्रण हा विषय मी त्याआधीच लिहायला घेतला होता. त्या सहीनंतर तो मला वेगळा दिसू लागला. माझे म्हणणे थोडक्यात असे: गाव सोडणाऱ्या माणसाचे दुःख मराठी साहित्याने मनापासून लिहिले, पण शहरात आधी पोहोचून, दाराच्या आत उभे राहून, मागून येणाऱ्याला ‘कुठले तुम्ही?’ असे विचारणारा माणूस त्याने फारसा लिहिला नाही. हा माणूस म्हणजे आपणच.

याचे एक कारण इतिहासात आहे. १९११ साली मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे ऐंशी जण शहराबाहेर जन्मलेले होते. गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. माझे आजोबा राजापूर तालुक्यातून परळला आले ते थेट गाववाल्यांच्या खोलीत. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष राहायचे, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, जेवायला खाणावळवाल्या बाईकडे जायचे. नोकरीही ओळखीच्या जॉबरमार्फत लागायची. चाकरमान्याला अनोळखी दार ठोठवावे लागले नाही. ते गाववाल्यांनी आधीच उघडून ठेवलेले होते. हाल पुष्कळ झाले, पण ‘परका’ हा शब्द त्याच्या वाट्याला आला नाही. म्हणूनच त्याच्या साहित्यात विरह आहे, भूक आहे, मालकाशी भांडण आहे. दार मात्र नाही.

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या दृष्टीने पुन्हा पाहावी. वाटेगावहून पायी मुंबईला आलेल्या शाहिराने गावी राहिलेल्या बायकोचा विरह मांडला, आणि बेळगाव-कारवारविना अपुऱ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या विरहाशी तो जोडला. रूपक म्हणून याला मराठीत तोड नाही. एका कामगाराचे खाजगी दुःख एका भाषेचे सार्वजनिक दुःख झाले. पण या रूपकाचा एक परिणाम पुढे झाला, त्याला शाहीर जबाबदार नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळाली आणि कालचा स्थलांतरित स्वतःला शहराचा मालक समजू लागला. मैनेची आणि त्याची ताटातूट मात्र तशीच राहिली. अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते. त्यांच्या मुंबईत भांडण गरीब आणि श्रीमंतांचे होते. आपण रूपक घेतले, भांडण सोडले.

नारायण सुर्वे यांची गोष्ट याहून कठीण. त्यांना उचलून वाढवणारे गंगाराम सुर्वे गिरणीतून निवृत्त झाल्यावर गावी निघून गेले आणि पोरगा मुंबईत एकटा राहिला. त्याला परतायला गाव नव्हते, जातही सांगता येत नव्हती. ‘माझे विद्यापीठ’मधल्या (१९६६) कवितेत निरनिराळ्या प्रांतांची, धर्मांची माणसे सहज वावरतात, याचे मूळ मला यात दिसते. ज्याच्याकडे ‘मूळ गाव’ या रकान्यात लिहायला काही नाही, त्याला तो रकाना दुसऱ्यापुढे सरकवता येत नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) तर चाकरमान्याच्या गोष्टीतली मोठी गफलतच दाखवून दिली. गाववाल्यांची खोली सर्वांसाठी उघडी नव्हती. कावाखान्यातली माणसे गाव सोडून आली, पण गावकुसाबाहेरची वस्ती त्यांच्यासोबत शहरात आली. म्हणजे मराठी माणसांतही दार होतेच. आत असणाऱ्यांना ते दिसत नव्हते.

हे दार सर्वांत स्वच्छ दाखवणारी कथा म्हणजे बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (संग्रह १९६३). तिची चर्चा आपण नेहमी दलित कथा म्हणून करतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती स्थलांतराची कथाही आहे, याकडे आपले लक्ष गेलेले नाही. नायक महाराष्ट्रातून गुजरातेत, सुरतेजवळच्या उधन्याला जातो. रेल्वेतल्या नोकरीसाठी जातो. तिथे त्याला खोली हवी आहे, आणि खोलीसाठी ‘कोण तुम्ही?’ या प्रश्नाला तोंड द्यायचे आहे. तो जात झाकतो, खोली मिळते, रामचरण तिवारी या उत्तरेकडच्या सहकाऱ्याचा स्नेहही मिळतो. जात उघडी पडते तेव्हा मार बसतो. जात न लपवता वावरणारा काशीनाथ सकपाळ त्याला सोडवतो. परप्रांतात गेलेला मराठी माणूस, त्याचा उत्तर भारतीय मित्र आणि दोघांच्या मध्ये उभे असलेले दार, असा हा पट आहे. साठ वर्षांपूर्वीच्या या कथेत आमच्या समितीची सभा अगदी जशीच्या तशी आहे. फक्त अर्जदार मराठी आहे.

ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई परिसरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली, तेव्हा या कथेची आठवण कोणी काढल्याचे मी वाचले नाही. तीही रेल्वेचीच नोकरी होती. ठाण्याला हे राजकारण नवे नव्हते. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेला पहिली सत्ता दुसऱ्याच वर्षी ठाणे नगरपालिकेत मिळाली. त्या राजकारणामागची चिंता खोटी होती असे मी म्हणणार नाही. मराठी मुलांना नोकऱ्या मिळत नव्हत्या, आणि आपल्याच राज्यात आपली भाषा मागे पडण्याची भीती मलाही वाटते. प्रश्न आहे तो कारण कुठे शोधले याचा.

आमचे कुटुंब परळहून नौपाड्यात आले. माझे चुलते डोंबिवलीला गेले, त्यांची मुले आता बदलापूरला आहेत. प्रत्येक वेळी आम्हाला पुढे ढकलले ते जागेच्या भावाने. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या केल्या, आणि २००१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वापराचा वाटा आक्रसला. जौनपूरच्या माणसाने हे नियम केले नव्हते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) संपानंतरचे धुरी कुटुंब आतून कोसळताना दिसते, आणि नाटककार त्याचा दोष कोणा परक्याच्या माथी मारत नाही. हा संयम मला त्या नाटकाचे मोठेपण वाटते. ‘डोंबिवली फास्ट’मधला (२००५) माधव आपटेही लाचखोरीवर चिडतो, परप्रांतीयांवर नाही. पण आपटे डोंबिवलीला का राहतो, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. मुंबईतून ठाणे-कल्याणकडे झालेल्या या दुसऱ्या स्थलांतराला आपण स्थलांतर म्हणतच नाही. ‘मोठी जागा घेतली’ म्हणतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. एवढ्या माणसांची गोष्ट ‘जागा घेतली’ या दोन शब्दांत बसत नाही.

मे २०२० मध्ये टाळेबंदीत तीन हात नाक्यापाशी मी उभा होतो. हमरस्त्याने माणसे नाशिकच्या दिशेने चालत होती, डोक्यावर बोचकी, खांद्यावर मुले. कोकणातून पायी येणाऱ्यांच्या गोष्टी मी घरात ऐकलेल्या, त्याच उलट्या दिशेने निघाल्यासारखे वाटले. आम्ही पाण्याच्या बाटल्या वाटल्या. जाणाऱ्याला पाणी देणे सोपे होते. चार वर्षांनी त्यांच्यातलाच एक परत आला तेव्हा मी नकारावर सही केली.

चाकरमान्याच्या नातवाची कादंबरी मला वाचायची आहे, ज्यात तो सोसायटीचा सचिव आहे. ती कोणी लिहीपर्यंत बागुलांची कथा आहेच. पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी मी अर्जातला ‘मूळ गाव’ हा रकाना काढण्याचा ठराव दिला आहे. तो मंजूर होईल असे वाटत नाही. तो तरुण आता कळव्याला राहतो, असे त्या जागेच्या मालकांनी सांगितले.